आपल्या लेखनाचं घर आणि त्याची राखण



कोणी गुरुजी पंचक्रोशीतल्या म्हणी गोळा करतात. कोणी शेतकरी वर्षानुवर्षे पावसाची आणि पेरणीची टिपणे ठेवतो. एखाद्या बाई म्हाताऱ्या बायकांकडून जात्यावरच्या ओव्या उतरून घेतात. पूर्वी असले लेखन वहीत राही, आणि वही बहुधा वाळवीच्या तोंडी जाई. आता हेच लेखन मोबाइलवरून इंटरनेटवर ठेवता येते आणि ते जगात कोठेही वाचता येते. अशा नोंदवहीला ब्लॉग म्हणतात. मराठीत कोणी कोणी तिला अनुदिनी असेही नाव दिले आहे. १९९७ साली जॉर्न बार्गर या अमेरिकन लेखकाने आपल्या नोंदींना ‘वेबलॉग’ म्हटले. १९९९ मध्ये पीटर मरहोल्झ याने गमतीने त्या शब्दाची फोड ‘वुई ब्लॉग’ अशी केली, आणि तेव्हापासून मागचा तुकडाच रूढ झाला.

काय लिहावे, हे आज मी सांगणार नाही. ते ज्याचे त्याने ठरवावे. लिहिलेले टिकवावे कसे, एवढेच आज पाहू. कारण गंमत अशी, की वहीला वाळवी लागते ती दिसते तरी. इंटरनेटवरची वाळवी दिसत नाही. एक दिवस पान उघडायला जावे, तर पानच जागेवर नसते.

अशा घराला तीन गोष्टी लागतात : नाव, जागा आणि राखण.

आधी नाव. इंटरनेटवर प्रत्येक संगणकाला एक आकडा असतो. पण लांबलचक आकडे माणसाच्या ध्यानात राहात नाहीत. म्हणून १९८३ साली पॉल मोकापेट्रिस या संशोधकाने आकड्यांना नावे जोडण्याची पद्धत आखली. तुम्ही नाव टाइप करता; त्या नावाचा आकडा कोणता, हे एक यंत्रणा शोधून देते. जणू गावाचा नमुना आठ अ : खातेदाराचे नाव पाहिले की जमिनीचा गट सापडतो. या नावाला डोमेन म्हणतात. आपल्या देशाची ‘डॉट इन’ ही नावे २००५ सालापासून सर्वांना सहज मिळू लागली, आणि २०१४ साली देवनागरीत ‘डॉट भारत’ हे टोकही सुरू झाले. म्हणजे आज गावाचे नाव मराठी अक्षरांतही नोंदवता येते.

आता एक गोष्ट नीट ध्यानात घ्या. हे नाव विकत मिळत नाही, ते पट्ट्याने मिळते. साधारणपणे एक वर्षापासून दहा वर्षांपर्यंतची मुदत घेता येते. मुदत संपली आणि पैसे भरले नाहीत, तर काही दिवसांच्या सवलतीनंतर ते नाव कोणालाही घेता येते. आणि घेणारे टपलेले असतात! जुन्या नावाला लोकांची ये-जा असते, त्यावर जुगाराच्या किंवा फसवणुकीच्या जाहिराती लावल्या की त्यांचे काम होते. शाळेच्या पत्रिकेवर छापलेला पत्ता मुलाने घरी उघडावा आणि समोर पत्त्यांचा जुगार दिसावा, असा प्रकार निव्वळ मुदत विसरल्यामुळे होऊ शकतो.

म्हणून नाव नोंदवताना ते कोणाच्या ईमेलवर नोंदले जात आहे, हे पाहावे. पुष्कळदा तालुक्याच्या गावचा संगणकवाला मुलगा म्हणतो, “राहू द्या हो गुरुजी, मी माझ्याच खात्यावरून करून देतो.” तो मनाने चांगलाच असतो. पण तो पुढे नोकरीला पुण्याला गेला, त्याचा फोन बदलला, की नाव कोणाच्या हाती राहिले? शाळेचे नाव शाळेच्याच ईमेलवर नोंदवावे. आपले स्वतःचे असेल तर आपल्या.

दुसरी गोष्ट जागा. तुमचे लेखन आकाशात कोठे तरंगत नसते. ते कोठल्या तरी संगणकावर असते आणि तो संगणक रात्रंदिवस चालू ठेवावा लागतो. त्याला सर्व्हर म्हणतात आणि त्यावर जागा देण्याच्या धंद्याला होस्टिंग. जागा दोन तऱ्हांनी मिळते. एक धर्मशाळेसारखी फुकट. दुसरी भाड्याच्या घरासारखी.

फुकट जागेपैकी ब्लॉगर ही जुनी. ती १९९९ मध्ये सुरू झाली आणि २००३ मध्ये गूगलने घेतली. येथे झाडलोट, दिवाबत्ती सारे मालक पाहतो. नवख्या माणसाने येथूनच सुरुवात करावी, यात कमीपणा नाही. पण धर्मशाळा ती धर्मशाळा. मालकाने दार लावले की आपले काही चालत नाही. जिओसिटीज नावाची अशीच एक मोठी जागा होती. १९९४ पासून लक्षावधी लोकांनी तेथे आपापली पाने मांडली. १९९९ मध्ये याहू कंपनीने ती विकत घेतली, आणि २००९ च्या ऑक्टोबरात अमेरिकेतला तिचा कारभार बंद करून टाकला. सूचना दिली होती. पण ती सगळ्यांनी वाचली थोडीच? काही स्वयंसेवकांनी आणि इंटरनेट आर्काइव्ह या संस्थेने जमेल तेवढे उतरवून ठेवले, म्हणून त्यातले पुष्कळसे वाचले. बाकीचे गेले.

भाड्याच्या जागेत सत्ता आपली, तशी कामेही आपलीच. येथे बहुतेक लोक वर्डप्रेस ही २००३ साली निघालेली मोफत प्रणाली वापरतात. ती फार पसरलेली आहे, आणि म्हणूनच चोरांनाही तिची दारे-खिडक्या ठाऊक असतात. एखादी कडी सैल आहे असे दिसले की कर्ते लोक दुरुस्ती पाठवतात. ती त्याच आठवड्यात बसवून घ्यावी. पासवर्ड लांब आणि केवळ याच कामाचा असावा. शाळेचे नाव आणि पुढे एक-दोन-तीन हा पासवर्ड नव्हे, ते उघडे दार आहे! आणि भाड्याविषयी एक : पहिल्या वर्षाचा दर पुष्कळदा स्वस्त असतो आणि नूतनीकरणाचा दर चढा. दुसऱ्या वर्षाचा दर आधी विचारावा.

आता राखण. ब्लॉगवर वाचकांना प्रतिक्रिया लिहिता येते, आणि खरी गोडी तीच आहे. तुम्ही ओवी लिहावी आणि दूरदेशी गेलेल्या कोणी लिहावे, “आमच्या आजीची दुसरी ओळ वेगळी होती,” याहून मोठी मिळकत कोणती? पण त्याच दारातून कचराही येतो. औषधांच्या, कर्जांच्या, जुगाराच्या जाहिराती शेकड्यांनी येऊन पडतात. यांना स्पॅम म्हणतात. मुळात स्पॅम हे अमेरिकेत १९३७ साली निघालेल्या डबाबंद मांसाचे नाव. १९७० साली इंग्रजी टेलिव्हिजनवरच्या एका प्रहसनात तो शब्द इतक्यांदा ओरडला गेला की दुसरे बोलणेच ऐकू येईना. नको असलेल्या संदेशांना पुढे तेच नाव पडले.

कोणी विचारील, “माझा ब्लॉग गावातली वीस माणसं वाचतात. तिथं जाहिरात टाकून त्यांना मिळतं काय?” प्रश्न अगदी रास्त आहे. उत्तर असे, की ती जाहिरात बहुधा त्या वीस माणसांसाठी नसतेच. १९९८ च्या सुमारास लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन यांनी शोधयंत्राची जी रीत आणली, तिच्यात एखाद्या पानाकडे किती आणि कोणती पाने बोट दाखवतात यावरून त्याचे वजन ठरते. मग लबाडांनी काय करावे? दुसऱ्यांच्या अंगणात शिरून आपल्या दुकानाकडे बोट दाखवणाऱ्या पाट्या रोवाव्यात! हे काम माणूस करत नाही, यंत्र करते. म्हणून तुमचा ब्लॉग लहान की मोठा हे ते पाहात नाही. गाजरगवत बांध पाहून थोडेच उगवते?

यावर उपाय निघाले. २००५ च्या जानेवारीत गूगल, याहू आणि मायक्रोसॉफ्ट यांनी ठरवले, की प्रतिक्रियांतील दुव्यांवर एक खूण ठेवावी आणि असे दुवे वजनात धरू नयेत. पण पाट्या रोवणे थांबले नाही. यंत्राला श्रम कसले? दुसरा उपाय वेडीवाकडी अक्षरे ओळखायला लावण्याचा. यंत्राला ती वाचता येत नसत, माणसाला येत. २००७ पासून काही काळ याच अक्षरांतून जुन्या छापील पुस्तकांतले न लागणारे शब्दही लोकांकडून वाचून घेतले गेले. पण आता यंत्रेही ती अक्षरे वाचू लागली आहेत, आणि अडचण होते ती दृष्टी अधू असलेल्या वाचकाची. तिसरा उपाय चाळणीचा : प्रतिक्रियेतील शब्द, दुवे आणि पाठवणाऱ्याचा पत्ता पाहून यंत्र कचरा वेगळा करते. वर्डप्रेसबरोबर वापरली जाणारी अकिस्मेट ही २००५ सालची चाळणी त्यातलीच.

चाळणी लावावी, पण तिच्यावर विसंबून राहू नये. सुपाने पाखडताना चार दाणे कोंड्यातही जातात. मराठीतली खरी प्रतिक्रिया कधी कधी कचऱ्यात पडते. म्हणून आठवड्यातून एकदा तो ढीग उलटून पाहावा. नव्या माणसाची पहिली प्रतिक्रिया आपण वाचल्याखेरीज प्रसिद्ध होऊ देऊ नये. दोन किंवा अधिक दुवे असलेली प्रतिक्रिया अडवून ठेवावी. खूप जुन्या लेखांवरचे प्रतिक्रियांचे दार लावून घ्यावे. आणि कोणत्याही अनोळखी दुव्यावर बोट ठेवू नये, मग त्यात आपली कितीही स्तुती असो.

शेवटची गोष्ट बियाण्याची. शहाणा शेतकरी सगळे बी एका कणगीत ठेवत नाही. लेखनाच्याही तीन प्रती असाव्यात : एक ब्लॉगवर, एक घरच्या संगणकावर, एक तिसऱ्या ठिकाणी, दुसऱ्याच साधनात. आणि पेरणीआधी आपण शंभर दाणे ओल्या गोणपाटात घालून किती उगवतात ते पाहतो, तशी ही प्रतही अधूनमधून उघडून पाहावी. न उघडणारी प्रत म्हणजे न उगवणारे बी. लेखन युनिकोडमध्येच करावे. जुन्या खास टंकांत लिहिलेले मराठी, तो टंक नसलेल्या संगणकावर निव्वळ अगम्य चिन्हे होऊन बसते. ते अजून कित्येकांच्या घरी तसेच पडून आहे.

तेव्हा आठवड्याला प्रतिक्रिया आणि दुरुस्त्या, महिन्याला लेखनाची प्रत, वर्षाला नाव आणि भाडे, असा क्रम कॅलेंडरवरच मांडून ठेवावा. आणि शिक्षकबंधूंना व भगिनींना एक विशेष विनंती. आपली बदली होते. तेव्हा आपण दाखल-खारीज रजिस्टर, कपाटाच्या किल्ल्या, प्रयोगशाळेचे साहित्य सारे यादी करून ताब्यात देतो. त्या यादीत आता आणखी एक ओळ घाला : शाळेच्या ब्लॉगचे नाव, त्याची मुदत, ते कोणत्या ईमेलवर आहे, आणि प्रती कोठे ठेवल्या आहेत. पासवर्ड यादीत लिहू नये. तो बंद पाकिटात मुख्याध्यापकांच्या हाती द्यावा आणि नव्या माणसाने तो लगेच बदलावा. आपण लावलेले झाड पुढच्याने पाणी घालून जगवावे असे वाटत असेल, तर विहीर कोठे आहे हे त्याला सांगून जायला हवे.