हिवरखेडची खार हिवाळ्यात झोपत नाही

थंडी पडली की खार बिळात जाऊन झोपते, असं पुष्कळांना वाटतं. हे खरं आहे ते उत्तर अमेरिकेच्या गवताळ माळांवरच्या, जमिनीत राहणाऱ्या खारींबाबत. आपल्याकडे त्यांचा जवळचा भाऊबंद म्हणजे लडाखचा मार्मोट. सातपुड्याच्या पायथ्याशी, तेल्हारा तालुक्यातल्या हिवरखेडला दिसणारी पट्ट्यांची खार झाडावर राहते, गवत-काड्यांचं घरटं बांधते आणि बाराही महिने जागी असते.

शीतनिद्रा म्हणजे लांबलेली झोप, हाही गैरसमजच. माळावरच्या तेरा पट्ट्यांच्या खारीचं शरीर ३७ अंशांवरून ५ अंशांच्या आसपास उतरतं. मिनिटाला २०० च्या वर पडणारे हृदयाचे ठोके १० च्या खाली येतात. आठवड्या-दोन आठवड्यांनी ती अंग तापवून काही तास जागी होते आणि साठवलेल्या चरबीचा मोठा भाग या जागं होण्यातच जळतो. एवढी जोखीम ती घेते, कारण बर्फाखाली खायलाच काही नसतं.

वऱ्हाडात उलट आहे. हिवाळा हा इथला भरल्या शिवाराचा काळ: कापसाची वेचणी चालू, तूर काढणीला आलेली, मागोमाग हरभऱ्याला घाटे. खारीने झोपावं कशाला? तिचे हाल होतात ते मे महिन्यात, पारा ४५ च्या पुढे गेल्यावर. तेव्हाही ती दुपारी सावली धरते आणि सकाळ-संध्याकाळ हिंडते. इथे खरी दीर्घ विश्रांती घेतो तो मोठा बेडूक. उन्हाळा जमिनीखाली काढून तो पहिल्या मोठ्या पावसाला वर येतो.

बांधावरच्या बिळांचा आळ खारीवर घेणं तर अन्यायच आहे. बिळाच्या तोंडाशी उकरलेल्या मातीचा ढीग आणि आत ओढून नेलेली कणसं दिसली, तर ते काम उंदरा-घुशींचं. ते रात्री बाहेर पडतात, खार दिवसा. म्हणून दिवसा दिसणाऱ्या खारीसाठी बांधावर विष टाकू नका. विष खाल्लेला उंदीर घुबडाच्या पोटात गेला, तर उंदरांचा आपला सर्वांत चांगला शिकारीच दगावू शकतो.

अस्वल हिवाळ्यात झोपतं, हा आणखी एक समज जिवावर बेतणारा आहे. मेळघाटातलं अस्वल हिवाळ्यात झोपत नाही. मादी त्या दिवसांत पिलांसाठी गुहेत राहते, पण ती शुद्धीवर असते आणि पिलांपायी जास्तच आक्रमक होते. डिसेंबर-जानेवारीत जंगलात जाणाऱ्यांनी कपारी आणि गुहांपासून लांबच राहावं.