पस्तीस वर्षांनंतर नऊ होल

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

नाशकात रिक्षावाल्याला ‘हुतात्मा अनंत कान्हेरे मैदानावर चला’ म्हटलं तर तो क्षणभर विचारात पडतो. ‘गोल्फ क्लब’ म्हटलं की लगेच निघतो. १९०९ साली कलेक्टर जॅक्सनवर गोळी झाडणाऱ्या तरुणाचं नाव या मैदानाला आहे, पण लोकांच्या तोंडी अजून साहेबाचा खेळच बसला आहे. तिथं आता क्रिकेट चालतं, पहाटे माणसं फेऱ्या मारतात. आपल्याकडच्या बहुतेकांचा गोल्फशी संबंध एवढाच. एक नाव, एक कुंपण आणि कुंपणापलीकडची हिरवळ.

मी त्या कुंपणाच्या आत वाढलो. नाशकात नव्हे, दुसऱ्या एका छावणीच्या गावी. माझे अब्बा तिथल्या मैदानावर माळी होते आणि मी अकराव्या वर्षापासून कॉलेजला जाईपर्यंत कॅडी, म्हणजे खेळणाऱ्यांची पिशवी वाहणारा पोरगा. सोमवारी क्लब बंद असे. त्या दिवशी आम्हा पोरांना खेळायची मुभा होती. ही सोमवारची रीत देशातल्या पुष्कळ क्लबांत आहे, आणि कितीतरी चांगले खेळाडू या एका वारानं घडवले आहेत. गाव सुटलं, खेळही सुटला. गेल्या हिवाळ्यात एका डॉक्टर मित्रानं आपल्या क्लबात पाहुणा म्हणून नेलं. ‘नऊच होल खेळू, गुण मांडायचे नाहीत,’ म्हणाला. पस्तीसेक वर्षांनी हातात क्लब धरला. त्या निमित्तानं, मधल्या काळात हा खेळ किती बदलला आणि किती तसाच राहिला, ते सांगतो.

खेळ समजायला सोपा आहे. साडेचार सेंटिमीटरही व्यास नसलेला, जास्तीत जास्त ४६ ग्रॅम वजनाचा चेंडू शेकडो मीटर दूरच्या खड्ड्यात घालायचा. खड्ड्याचा व्यास १०८ मिलिमीटर, म्हणजे आमटीच्या वाटीएवढा. पूर्ण डाव अठरा होलचा, बंधन नसलेला डाव नऊचाही चालतो. प्रत्येक होलला किती फटके पुरावेत हे ठरलेलं असतं, तीन, चार किंवा पाच. त्याला पार म्हणतात. पिशवीत चौदापेक्षा जास्त क्लब ठेवता येत नाहीत. बाकी सगळं चालणं. अठरा होलांत माणूस सहज आठ किलोमीटर चालतो, म्हणूनच डॉक्टर मंडळी या खेळाच्या प्रेमात असतात.

‘शिकलेलं शरीर विसरत नाही’ असं आपण म्हणतो. ते अर्धंच खरं आहे. नावं आणि सनावळ्या मेंदूत जिथं राहतात, तिथं सायकल, पोहणं, गोल्फचा फटका राहत नाही. सवयीच्या हालचालींचा सांभाळ मुख्यतः लहान मेंदू आणि मेंदूच्या गाभ्यातले काही भाग करतात, आणि ते फार चिवट असतात. पहिल्याच टीवर उभा राहिलो तेव्हा डावा हात वर, उजवा खाली, करंगळी तर्जनीवर चढलेली, हे सगळं हातांनी मला न विचारता केलं. पण हालचालींचा क्रम टिकला तरी शरीर तेच राहत नाही. गोल्फचा फटका खांद्यांनी नव्हे, कमरेच्या आणि पाठीच्या पिळानं बसतो. विशीतला पिळ पन्नाशीनंतर तेवढा येत नाही. मेंदू जुन्याच हिशेबानं हुकूम सोडतो, कंबर अर्ध्यात थांबते, आणि चेंडू उजवीकडच्या झुडपात जातो. म्हणून वर्षांनंतर खेळणाऱ्यानं पहिले तीन-चार होल क्लब फक्त खांद्यापर्यंत उचलावा, पुढच्या टीवरून खेळावं, आणि लांबचा क्लब पिशवीतच राहू द्यावा. हे मित्रानं सांगितलं. मी त्याचं ऐकलं आणि पाठ शाबूत घेऊन घरी आलो.

नवख्याला न पटणारी आणखी एक गोष्ट. गवतावरचा चेंडू उचलायचा म्हणून माणूस त्याच्याखालून क्लब घालायला जातो. प्रत्यक्षात लोखंडी क्लबनं वरून खाली मारायचं असतं. क्लबच्या तोंडाला जो उतार असतो तोच चेंडूला वर पाठवतो आणि त्याला उलटी फिरकी देतो. त्या फिरकीनं चेंडू हवेत तरंगतो. चेंडूवरच्या खळग्यांचंही असंच. पूर्वी गुळगुळीत चेंडू असत. मार खाऊन खरबरीत झालेले जास्त लांब जातात हे खेळणाऱ्यांच्या ध्यानात आलं, आणि मग मुद्दाम खाचा पाडायला सुरुवात झाली. वारं कापायला गुळगुळीतपणा हवा, असं आपल्याला वाटतं. खळग्यांमुळे हवा चेंडूला जास्त वेळ चिकटून राहते, मागची ओढ कमी होते. खळगे नसते तर चेंडू जेमतेम निम्मा गेला असता.

हत्यारं पार बदलली. मी वाहिलेल्या पिशव्यांत ड्रायव्हरचं डोकं खऱ्या लाकडाचं असे. ते पर्सिमन नावाच्या अमेरिकी झाडाचं. हे झाड आपल्या तेंदूच्या, विडीच्या पानांच्या टेंभुर्णीच्याच गोतातलं. पावसाळ्यात त्या डोक्यांना तेल लावून पुसायचं काम आमचं. आता ते पोकळ धातूचं, आणि एवढं मोठं की २००४ पासून त्यावर ४६० घन सेंटिमीटरची मर्यादा घालावी लागली. मित्राचा ड्रायव्हर पाहून मला छोटी कळशी आठवली. फायदा असा की फटका मधोमध बसला नाही तरी चेंडू फारसा भरकटत नाही. लाकडी डोकं इतकं क्षमाशील नव्हतं.

जमीनही बदलली. आमच्या मैदानावर हिरवळीचं ‘ग्रीन’ नव्हतंच, ‘ब्राउन’ होतं. देशातल्या पुष्कळ जुन्या मैदानांवर तेच असे. खड्ड्याभोवती वाळूत तेल कालवून दाबलेला सपाट गोल, आणि खेळाडूनं चेंडू ढकलण्याआधी कॅडीनं तरटाचा तुकडा ओढून वाट सारखी करायची. त्याला पाणी लागत नसे. आजचं ग्रीन गालिच्यासारखं आहे, पण त्याला रोज पाणी पाजावं लागतं. काही क्लब त्यासाठी शुद्ध केलेलं सांडपाणी वापरतात आणि ते योग्यच आहे. ज्या राज्यात फेब्रुवारीत टँकर सुरू होतात, तिथं हा प्रश्न कुंपणाबाहेरच्या माणसानं विचारलाच पाहिजे. अब्बांनी उन्हाळ्यात हिरवं मैदान कधी पाहिलं नाही. मे महिन्यात ते गवत जगवत नसत, मुळं जगवत.

नियमांचा मोठा बदल झाला २०१९ मध्ये. हरवलेला चेंडू शोधायला पूर्वी पाच मिनिटं मिळत, आता तीन. चेंडू हातातून सोडायचा तो पूर्वी खांद्याच्या उंचीवरून, आता गुडघ्याच्या. ग्रीनवरचे बुटांच्या खिळ्यांचे ओरखडे आता बुजवता येतात. आणि खड्ड्यात उभा असलेला ध्वज आता काढावा लागत नाही.

या शेवटच्या नियमानं माझं एक कसबच मोडीत निघालं. पूर्वी ग्रीनवरून ढकललेला चेंडू खड्ड्यातल्या ध्वजाच्या दांड्याला लागला, तर दोन फटक्यांचा दंड असे. म्हणून चेंडू लांबून येत असला की कॅडीनं ध्वज धरून उभं राहायचं आणि ऐन वेळी उपसायचा. यात बरंच शिकण्यासारखं होतं. दांडा आधीच थोडा हलवून सैल करून ठेवायचा, नाहीतर अडकतो. कापड मुठीत धरायचं, म्हणजे वाऱ्यानं फडफडत नाही. उभं राहायचं ते अशा बाजूला, की आपली सावली चेंडूच्या वाटेवर किंवा खड्ड्यावर पडणार नाही. कुणाच्याही वाटेवर पाय द्यायचा नाही. हे मला एका म्हाताऱ्या कॅडीनं शिकवलं, आम्ही त्याला चाचा म्हणायचो. ‘साया सँभाल,’ एवढंच तो म्हणायचा. त्या सकाळी तिसऱ्या होलवर मित्र चेंडू ढकलायला वाकला आणि मी सवयीनं ध्वजाकडे निघालो. आमची पिशवी वाहणारा चाळिशीचा माणूस हसून म्हणाला, ‘राहू द्या साहेब, आता कोणी काढत नाही.’ ‘साहेब’ हा शब्द त्या मैदानी हवेत माझ्यासाठी कुणी उच्चारला, याची सवय व्हायला आणखी दोन होल लागले.

गुण मांडायचे नाहीत असं ठरलं, तरी माणूस मनात मोजतोच. अशांसाठी एक जुनी सोय आहे. फ्रँक स्टेबलफोर्ड नावाच्या इंग्रज डॉक्टरनं काढलेल्या पद्धतीनं पहिली स्पर्धा १९३२ मध्ये झाली. तिच्यात फटके मोजत बसण्याऐवजी प्रत्येक होलला गुण मिळतात. पारला दोन, एक फटका जास्त लागला तर एक, त्याहून जास्त लागले तर शून्य, आणि मग चेंडू खिशात टाकून पुढं चालायचं. एका होलवर अकरा फटके लागले म्हणून सगळी सकाळ नासत नाही. दुसरी सोय हँडिकॅपची, म्हणजे कच्च्या खेळाडूला मिळणाऱ्या सवलतीच्या फटक्यांची. २०२० पासून जगभर त्याची एकच पद्धत आली, आणि ही सवलत बायकांना-पुरुषांना सारखीच, ५४ पर्यंत मिळू शकते. वडील आणि मुलगी एकाच सामन्यात बरोबरीनं खेळू शकतील असे खेळ फार नाहीत.

आमच्या कॅडीला मी त्याचा खेळ विचारला. सोमवारी खेळतो म्हणाला, पार सत्तरच्या मैदानावर चौऱ्याहत्तर-पंच्याहत्तर. मित्राला तेवढ्यासाठी वीसेक फटक्यांची सवलत लागते. मित्राकडे हँडिकॅपचा आकडा आहे, याच्याकडे नाही, कारण तो आकडा क्लबच्या सभासदत्वाबरोबर मिळतो. हौशी स्पर्धांची वाट त्यामुळे कॅडीला बहुधा बंदच असते. तो एकदम व्यावसायिक होतो. १९६५ मध्ये पी. जी. सेठी यांनी इंडियन ओपन जिंकली, ते हौशी खेळाडू होते. पुढं कुणा भारतीयाला ती जिंकायला १९९१ उजाडलं. जिंकणारा अली शेर दिल्लीत कॅडी म्हणून वाढलेला. वर्तमानपत्रातला त्याचा फोटो मी कापून अब्बांना पाठवला होता. १९९३ मध्ये तो पुन्हा जिंकला. एस. एस. पी. चौरासिया कोलकात्याच्या एका मैदानरक्षकाचा मुलगा. त्यानं २०१६ आणि २०१७ अशी लागोपाठ दोनदा ती स्पर्धा मारली.

ही नावं आमच्या कॅडीला माझ्याआधी ठाऊक होती. व्यावसायिक व्हायचं तर पात्रता फेरी खेळावी लागते, तिची फी भरावी लागते, शिवाय प्रवास, राहणं आणि तेवढ्या दिवसांची बुडालेली मजुरी. हे सगळं किती पिशव्या वाहिल्या म्हणजे जमेल, तो हिशेब नवव्या होलकडे चालताना त्यानं मला तोंडपाठ सांगितला.