मुंगीची शंकरपाळी

आमच्या स्वयंपाकघरात एक मुंगी आहे. ती फक्त फरशीच्या सांध्यांवरून चालते. आडवी जाईल, उभी जाईल, तिरकी म्हणून जायची नाही! समजा, तिला तिच्या आईनं बजावलं, "बिळापासून तीन फरश्यांपर्यंतच जायचं हं!" तर ती कुठंकुठं पोचेल?

गणिताची चौकटीची वही काढा. मधल्या एका कोपऱ्यावर टिंब द्या, ते बीळ. आता रेघांवरूनच चालत तीन घरांपर्यंत जिथं पोचता येईल, त्या प्रत्येक कोपऱ्यावर टिंब द्या. मला वाटलं होतं, गोल होईल. गोल कसला! झाली चक्क शंकरपाळी. एकेका ओळीतली टिंबं मोजा: १, ३, ५, ७, ५, ३, १. एकूण २५.

बीजगणितात उजवीकडे गेलं की क्ष धन, डावीकडे गेलं की ऋण. वरखाली य. पण मुंगीच्या पायांना धन-ऋण काय ठाऊक? दोन फरश्या डावीकडे गेली तरी दमायचं दोन फरश्यांइतकंच. म्हणून संख्येच्या दोन्ही बाजूंना उभ्या काठ्या मारायच्या: |−२| = २. याला म्हणतात केवल मूल्य. या काठ्या कार्ल वायरस्ट्रास नावाच्या जर्मन गणितज्ञानं १८४१ मध्ये वापरल्या. आता आईचा हुकूम असा लिहिता येतो:

|क्ष| + |य| ≤ ३

मुंगीनं सांधे सोडले, पाव-अर्धी फरशीही चालू लागली (पण आडवी-उभीच!), तर टिंबांच्या मधली जागाही तिची. शंकरपाळी पूर्ण रंगवून टाका.

कडेचं काय? इथं आईचा एकेक शब्द नीट ऐकायला हवा. "तीनपर्यंत" म्हणाली असेल तर कडेवर उभं राहिलेलं चालतं, म्हणून कडेची रेघ सलग. "तीनच्या आत" म्हणाली असेल तर चिन्ह < होतं आणि रेघ तुटक, कारण कडेला पाय लावायचा नाही. आणि "तीन किंवा त्याहून लांबच राहा" असं रागावून म्हणाली तर? मग ≥. शंकरपाळी कोरी सोडायची आणि बाहेरचा सगळा कागद रंगवायचा, कडेसकट. कुठली बाजू रंगवायची कळत नसेल तर बिळाला विचारा: क्ष ०, य ०. ० + ० हे ३ पेक्षा कमी, म्हणजे ≤ असेल तर बिळाची बाजू.

आता तुम्ही |क्ष − २| + |य| ≤ ३ काढून बघा. बीळ दोन घरं उजवीकडे सरकलंय, एवढंच सांगतो.