गाडीतलं 'ऑटो' बटण नेमकं करतं तरी काय?

मागच्या जुलैत ताम्हिणी घाटात माझी चांगलीच तंतरली. बाहेर धो-धो पाऊस, गाडीत आम्ही पाचजण ओलेचिंब, आणि ऐन वळणावर समोरची काच आतून पांढरी झाली. घाईत मी एसीच बंद केला. काच आणखी धूसर! गाडी कशीबशी कडेला घेतली. घरी आल्यावर आधी मॅन्युअल काढून वाचलं. तेच आज सांगतो.

साध्या एसीत गारवा कमी-जास्त आपण करतो. ऑटोमॅटिक क्लायमेट कंट्रोलला आपण फक्त आकडा सांगायचा, समजा २४ अंश. बाकीचं एक छोटा कॉम्प्युटर बघतो. त्याला खबर देतात सेन्सर. एक आतलं तापमान मोजतो, एक बाहेरचं. शिवाय बऱ्याच गाड्यांत डॅशबोर्डवर काचेजवळ एक काळा, बटणाएवढा घुमट असतो, तो ऊन मोजतो. त्यावर फडकं टाकलं असेल किंवा गणपती बसवला असेल, तर जरा बाजूला सरकवा. नाहीतर गाडीला वाटतं, सावलीच आहे!

या माहितीवरून कॉम्प्युटर पंख्याचा वेग ठरवतो आणि गार-गरम हवा मिसळणारी आतली झडप हलवतो. म्हणून तापलेल्या गाडीत १८ लावून घाई करण्यात अर्थ नाही. २४ ला सुद्धा सुरुवातीला एसी जोरातच चालतो.

आता काचेचं. श्वासातली आणि ओल्या कपड्यांतली वाफ गार काचेवर जमते. एसी हवा नुसती गार करत नाही, कोरडीही करतो. हवेतलं पाणी आतल्या थंड जाळीवर जमतं आणि गाडीखाली टपकतं. म्हणजे मी नेमकं हवा कोरडी करणारं यंत्रच बंद केलं होतं!

मग करायचं काय? समोरच्या काचेचं डीफॉगर बटण दाबा. एसी चालू ठेवा आणि बाहेरची हवा आत घ्या. थंडी वाजली तर तापमान वाढवा, एसी बंद करू नका. पण वायपर फिरवल्यावर धूसरपणा जात असेल, तर वाफ बाहेरून जमलीय, म्हणजे काच जास्त गार झालीय. तेव्हा गार झोत काचेवरून काढा आणि तापमान वाढवा.

घाटात शिरायच्या आधी, गाडी उभी असतानाच, ही बटणं एकदा दाबून बघा. वळणावर शोधत बसायला वेळ नसतो, हे मी अनुभवाने सांगतोय. भेटू पुढच्या भागात!