मुंबईच्या किनाऱ्यावर स्वयंसेवक व्हायचंय?

किनाऱ्यावरचं स्वयंसेवी काम म्हटलं की लोकांना फक्त कचरा उचलणंच आठवतं. ते हवंच, पण मला त्याहून जास्त आवडतं ते ओहोटीच्या वेळी लोकांना किनारा दाखवणं. 2017 पासून ‘मरीन लाइफ ऑफ मुंबई’ हा उपक्रम जुहू, गिरगाव, हाजी अली अशा ठिकाणी हे करतोय.

जुहूच्या ओल्या वाळूत कधीकधी रबरी वॉशरसारखं एक कडं दिसतं. पाहणारा प्लॅस्टिक समजून भिरकावून देतो. खरं तर एका गोगलगायीने वाळू आणि चिकट द्रव मिसळून केलेलं ते अंड्यांचं घर असतं! (म्हणूनच सफाईवाल्यांनीही आधी एक फेरी शिकायला यावं, असं माझं ठाम मत आहे.)

किनारा दाखवण्याच्या या कामाला पदवी लागत नाही. लोकांचे पाय समुद्रफुलांवर (सी ॲनिमोन) पडू न देणं, उलटलेला दगड होता तसा ठेवणं, फोटो ‘आयनॅचरलिस्ट’ या निसर्गनोंदींच्या ॲपवर टाकणं, एवढ्यापासून सुरुवात होते. अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास ओहोटी जास्त खोल जाते. भरती-ओहोटीचं वेळापत्रक पाहूनच निघा, आणि पावसाळ्यात नकोच.

कांदळवनं आवडत असतील तर ऐरोलीचं किनारी व सागरी जैवविविधता केंद्र पाहा. मुंबईबाहेर जाणार असाल तर कोकणातलं वेळास गाव आहेच. तिथे ‘सह्याद्री निसर्ग मित्र’ या संस्थेने 2002 मध्ये गावकऱ्यांसोबत कासवांची घरटी राखायला सुरुवात केली.

पकड चांगली असलेले बूट घाला, मुलांनाही घेऊन या. रिकामे शंख मात्र घरी नेऊ नका, शंखात राहणाऱ्या खेकड्यांना ते लागतात.