वीज काढलेलं पाणी ‘निसत्त्व’ होतं का?

‘विजेसाठी वापरलेल्या पाण्यातला कस निघून जातो, मग ते पिकाला काय उपयोगाचं?’ ही शंका गावोगावी ऐकू येते. मुळशी तालुक्यातल्या धरणावरून ती तपासता येते. मुळशीचं पाणी बोगद्यातून आणि पोलादी नळांतून सह्याद्रीखाली सुमारे 500 मीटर उतरून भिऱ्याच्या वीजगृहात पोचतं. इथे वीज देते ती पाण्याची स्थितिज ऊर्जा (उंचीमुळे मिळालेली काम करण्याची क्षमता). कप्पीवरच्या दोराच्या एका टोकाला ज्वारीचं पोतं बांधून माळ्यावरून सोडलं, तर त्याच्या भाराने दुसऱ्या टोकाची घागर वर येते. पोत्यातला एक दाणाही कमी होत नाही. पाण्याचंही तसंच. हिशेब केला तर एक घनमीटर, म्हणजे 1000 लिटर पाणी एवढं उतरताना जेमतेम 1.36 युनिट ऊर्जा देतं.

पण ऊर्जा गेली म्हणजे काहीतरी गेलंच ना? गेलं, उंची गेली. तेच पाणी कड्यावरून मोकळं कोसळलं असतं तरी ती गेलीच असती, फक्त पाणी साधारण एक अंशाने तापलं असतं. क्षार, वजन, ओलावा सगळं जागच्या जागी. भिऱ्याहून सुटलेल्या पाण्यावरच कोलाडजवळ कुंडलिका नदीत राफ्टिंग चालतं. धरण ज्या मुळा नदीवर आहे, तिच्या खोऱ्याने तक्रार करायचीच तर ती वेगळी आणि रास्त आहे: पूर्वेला वाहणारं हे पाणी पश्चिमेला वळवलं गेलं.