मैत्री जमते कशी, अडते कोठे?

सुरुवातीलाच एक सोपे कोडे पाहू. सॅली आणि अ‍ॅन नावाच्या दोन बाहुल्या आहेत. सॅलीजवळ एक टोपली आहे, अ‍ॅनजवळ एक खोका आहे. सॅली आपली गोटी टोपलीत ठेवते आणि फिरायला निघून जाते. तिच्या माघारी अ‍ॅन ती गोटी काढून आपल्या खोक्यात ठेवते. थोड्या वेळाने सॅली परत येते. ती आपली गोटी प्रथम कोठे शोधील?

"टोपलीत," असे तुम्ही चटकन सांगाल. गोटी खोक्यात आहे हे तुम्हांला ठाऊक आहे. पण सॅलीला ते ठाऊक नाही, हेही तुम्ही ओळखले. म्हणजे उत्तर देताना तुम्ही क्षणभर सॅलीच्या मनात डोकावून आलात! दुसऱ्याच्या मनात काय चालले असेल याचा अंदाज आपण दिवसभर बांधत असतो. गप्पा, थट्टामस्करी, खेळ, रुसवेफुगवे, सारे याच अंदाजावर चालते.

१९८५ साली लंडनमध्ये सायमन बॅरन-कोहेन, अ‍ॅलन लेस्ली आणि उटा फ्रिथ या मानसशास्त्रज्ञांनी हे कोडे मुलांच्या तीन गटांना घातले. २७ सर्वसाधारण लहान मुलांपैकी २३ जणांनी आणि डाउन सिंड्रोम असलेल्या १४ मुलांपैकी १२ जणांनी बरोबर उत्तर दिले. तिसऱ्या गटात २० स्वमग्न, म्हणजे ऑटिझम असलेली मुले होती. त्यांच्यापैकी फक्त ४ जणांचे उत्तर बरोबर आले. बौद्धिक चाचण्यांत तर ही मुले डाउन सिंड्रोमच्या गटापेक्षा सरस होती. मग त्यांचे अडले कोठे? आणि ज्याला असे अडते, त्याची मैत्री कशी व्हावी?

मेंदूची निराळी घडण

१९४३ साली अमेरिकेत लिओ कॅनर या डॉक्टरांनी ११ मुलांचे बारकाईने वर्णन केले. ही मुले आपल्याच नादात असत, माणसांत फारशी मिसळत नसत आणि रोजच्या क्रमात थोडाही बदल झाला की अस्वस्थ होत. त्याच्याही आधी, १९२५ साली, रशियात ग्रुन्या सुखारेवा या महिला डॉक्टरांनी अशाच सहा मुलांची नोंद केली होती. त्यानंतर बरीच वर्षे आईवडिलांच्या थंड वागण्याला दोष दिला गेला. तो खोटा ठरला आहे. लस टोचल्यामुळे स्वमग्नता येते ही समजूतही अनेक मोठ्या पाहण्यांत चुकीची ठरली आहे. स्वमग्नता ही मेंदूची जन्मतःच असलेली निराळी घडण आहे आणि तिच्यात अनुवंशिकतेचा वाटा मोठा आहे.

दुसरी अशीच घडण म्हणजे एडीएचडी. हिच्यात लक्ष एका जागी टिकवणे आणि मनात आलेली ऊर्मी आवरणे कठीण जाते. वाचन, लेखन किंवा गणित यांत अडथळा आणणारी अध्ययन अक्षमता ही तिसरी. अशा सर्वांना मिळून आज 'न्यूरोडायव्हर्जंट' म्हणतात. माणसांच्या चेहऱ्यांत जशी विविधता असते, तशी ती मेंदूंतही असते, हा त्यामागचा विचार. भारतात २०१६ साली झालेल्या अपंग व्यक्तींच्या हक्कांच्या कायद्यात २१ प्रकार दिले आहेत. त्यांत स्वमग्नता आणि अध्ययन अक्षमता यांचा समावेश आहे.

न सांगितलेले नियम

क्रिकेटचे नियम पुस्तकात छापलेले असतात. गप्पांचे नियम मात्र कोणी कोठे छापलेले नाहीत. "पोटात कावळे ओरडताहेत" म्हणजे भूक लागली, हे शब्दांवरून कळत नाही. "ये की कधी तरी घरी" हे कधी खरे आमंत्रण असते, तर कधी नुसते निरोपाचे बोलणे. त्यातला फरक आवाजाच्या चढउतारात, चेहऱ्यावर आणि प्रसंगात दडलेला असतो. बहुतेक मुले तो नकळत टिपतात. स्वमग्न मुलाला मात्र तो गणितातल्या पायऱ्यांसारखा एकेक करून सोडवावा लागतो.

त्यात वेळ अगदी थोडा! एकाचे बोलणे संपून दुसऱ्याचे सुरू होण्यामध्ये किती वेळ जातो, हे २००९ साली जगातल्या दहा भाषांत मोजले गेले. सरासरी उत्तर आले सुमारे एक पंचमांश सेकंद. म्हणजे समोरच्याचे वाक्य संपण्याआधीच आपण उत्तर जुळवू लागलेले असतो. चारपाच जणांचा घोळका रंगात आला असेल, तर ज्याला विचार करायला दोन सेकंद लागतात त्याला तोंड उघडायला फटच सापडत नाही. तो गप्प राहतो आणि लोक म्हणतात, "त्याला बोलायलाच आवडत नाही."

शिवाय अनेक स्वमग्न मुलांची ज्ञानेंद्रिये फार तीव्र असतात. मधल्या सुट्टीतला गोंगाट, घंटेचा ठणठणाट, शेजारच्याच्या डब्याचा वास, हे सारे एकदम अंगावर येते. अशा वेळी ते मूल कोपरा गाठते. त्याला माणसे नको असतात असे नाही. त्याला त्या क्षणी तो आवाज नको असतो.

एडीएचडीची गोष्ट निराळी. या मुलाला नियम ठाऊक असतो. मध्येच बोलू नये, पाळी येईपर्यंत थांबावे, हे विचारल्यास तो बिनचूक सांगेल. ऐन वेळी मात्र त्याला थांबणे साधत नाही. २००७ साली अमेरिकेत फिलिप शॉ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुलांच्या मेंदूंच्या प्रतिमा तपासल्या. मेंदूचे बाह्यपटल वाढत्या वयात आधी जाड होते आणि पुढे पातळ होऊ लागते. सर्वसाधारण मुलांत ही कमाल जाडी साधारण साडेसातव्या वर्षी, तर एडीएचडी असलेल्या मुलांत साधारण साडेदहाव्या वर्षी आढळली. लक्ष आणि आवर यांच्याशी संबंधित भागांत हा विलंब अधिक ठळक होता. तेव्हा खेळात सारखी मध्येच उडी घेणाऱ्या मित्राला 'आगाऊ' म्हणण्यापूर्वी एवढे ध्यानात घ्या.

नाण्याची दुसरी बाजू

सॅलीच्या कोड्यानंतर बरीच वर्षे असे मानले गेले, की दोष सारा स्वमग्न व्यक्तीकडे आहे. पण त्या प्रयोगातही चार मुलांचे उत्तर बरोबर होते, आणि वयाने व भाषेने वाढल्यावर अनेक स्वमग्न मुले असली कोडी सोडवतात. २०१२ साली ब्रिटनमधील डेमियन मिल्टन या समाजशास्त्रज्ञांनी एक साधा प्रश्न पुढे मांडला. ते स्वतः स्वमग्न आहेत. स्वमग्न माणसाला इतरांचे मन कळत नाही हे खरे धरले, तरी इतरांना स्वमग्न माणसाचे मन कोठे कळते? अडचण दोघांच्या मधल्या जागेत आहे, असे त्यांचे म्हणणे. याला 'दुहेरी समानुभूतीचा प्रश्न' म्हणतात.

हे तपासायचे कसे? तुम्ही 'कानगोष्टी' हा खेळ खेळला असाल. २०२० साली एडिंबरो येथील संशोधकांनी ७२ प्रौढांना आठ-आठ जणांच्या साखळ्यांत बसवून तसाच प्रयोग केला. काही साखळ्या केवळ स्वमग्न व्यक्तींच्या, काही इतरांच्या आणि काही मिश्र होत्या. पहिल्याला सांगितलेली गोष्ट शेवटपर्यंत किती शाबूत राहते ते मोजले. स्वमग्नांच्या साखळीत गोष्ट इतरांच्या साखळीइतकीच टिकली! मिश्र साखळीत ती लवकर गळत गेली. पुढे २०२५ साली तीनशेहून अधिक लोकांवर हा प्रयोग पुन्हा झाला, तेव्हा मिश्र साखळीतली ती गळती दिसली नाही. तिन्ही प्रकारच्या साखळ्या सारख्याच ठरल्या. विज्ञानात पहिल्या निष्कर्षाला असे पुन्हा तपासावेच लागते. पण स्वमग्न व्यक्तींना माहिती नीट पोहोचवता येते, ही गोष्ट दोन्ही वेळा कायम राहिली.

आणखी एक प्रयोग २०१७ सालचा. नोहा सॅसन आणि सहकाऱ्यांनी स्वमग्न व इतर व्यक्तींच्या बोलण्याचे काही सेकंदांचे तुकडे लोकांपुढे ठेवले आणि विचारले, "या माणसाशी ओळख करून घ्यायला तुम्हांला आवडेल का?" चित्रफीत पाहून किंवा आवाज ऐकून लोकांनी स्वमग्न व्यक्तींना कमी पसंती दिली. पण तेच बोलणे केवळ कागदावर लिहून दिले, तेव्हा हा भेद उरला नाही. म्हणजे ते काय बोलत होते यात काही उणे नव्हते. लोकांनी नाक मुरडले ते त्यांच्या ढंगाला.

मदत कोणाला शिकवावी?

आता एक फार महत्त्वाचा प्रयोग पाहू. कॅलिफोर्नियातील कॉनी कसारी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो २०१२ साली प्रसिद्ध केला. ३० शाळांतील ६० स्वमग्न मुले त्यात होती. काहींना स्वतःला मिसळण्याचे धडे दिले. काहींच्या बाबतीत त्या मुलाला काहीच शिकवले नाही; त्याच्या वर्गातील तीन मुलांना मात्र, सुट्टीत एकटे पडलेल्यांना कसे हेरावे आणि खेळात कसे घ्यावे, हे शिकवले. सहा आठवड्यांनंतर कोणाचा अधिक फायदा झाला असेल? ज्यांचे वर्गमित्र शिकले होते त्यांचा! त्यांना मित्र म्हणून निवडणारे वाढले आणि मैदानावरचे एकटेपण घटले.

याचा अर्थ शिकून काही होत नाही असा घेऊ नका. लॉस एंजलिस येथील विद्यापीठात एलिझाबेथ लॉगेसन यांनी किशोरांसाठी 'पीअर्स' नावाचे वर्ग सुरू केले. आठवड्यातून एकदा दीड तास मुले शिकतात आणि त्याच वेळी शेजारच्या खोलीत त्यांचे पालक शिकतात. न छापलेले नियम येथे पायऱ्यापायऱ्यांनी उघड सांगितले जातात. २००९ सालच्या पहिल्या चाचणीत ३३ किशोर होते. ज्यांनी वर्ग केला त्यांचे मैत्रीविषयीचे ज्ञान वाढले आणि मित्रांना घरी बोलावण्याचे प्रमाणही वाढले. दुसरी एक युक्ती डॅनियल लगॉफ यांची. लेगोच्या ठोकळ्यांची इमारत तिघांनी मिळून बांधायची. एक जण नकाशा वाचून सांगणार, दुसरा ठोकळे शोधून देणार, तिसरा जोडणार. काम असे वाटलेले असले की बोलण्याला आपोआप कारण मिळते.

तुम्ही काय करू शकता?

तुमच्या वर्गात असा कोणी मित्र किंवा मैत्रीण असेल तर:

१. बोलावणे स्पष्ट असू द्या. "ये कधी तरी" यापेक्षा "शनिवारी चार वाजता आमच्याकडे कॅरम खेळायला ये, सहा वाजता परत जा" हे उत्तम.
२. प्रश्न विचारून थोडे थांबा. मनात पाचपर्यंत मोजा.
३. डोळ्याला डोळा भिडवण्याचा आग्रह धरू नका. खाली पाहणारा मित्रही तुमचे ऐकत असतो.
४. नुसत्या गप्पांपेक्षा काही तरी करण्यात बरोबर घ्या: बुद्धिबळ, तिकिटांचा संग्रह, विज्ञान प्रदर्शनातली प्रतिकृती.
५. चुकले तर चारचौघांत हसू नका; बाजूला घेऊन सरळ शब्दांत सांगा.

आणि तुमच्यापैकी ज्यांना स्वतःलाच घोळक्यात शिरणे अवघड जाते, त्यांच्यासाठी 'पीअर्स'मधील एक पद्धत. आधी थोडे दूर राहून विषय कोणता चालला आहे ते ऐका. तो आपल्या माहितीचा असेल तर थोडे जवळ जा. बोलणे क्षणभर थांबले की त्याच विषयाला धरून एक छोटे वाक्य बोला. ते तुमच्याकडे वळले तर थांबा. वळले नाहीत तर शांतपणे निघा. असे सर्वांच्याच बाबतीत पुष्कळदा होते, त्यात तुमची हार नाही. आणि वर्गभर मित्र हवेत असेही नाही. आवडीनिवडी जुळणारा एक असला तरी शाळा निराळी वाटू लागते.

एक सावधगिरी मात्र हवी. इतरांसारखे दिसण्यासाठी दिवसभर हातवारे आवरायचे, हसण्याचा आव आणायचा, याला 'मुखवटा चढवणे' म्हणतात. अनेक स्वमग्न व्यक्तींनी सांगितले आहे, की याने जीव थकून जातो. मैत्रीच्या पायऱ्या जरूर शिकाव्या. पण जेथे मुखवटा काढून बसता येते, तोच खरा मित्र समजावा.

शिक्षकांसाठीही एक निष्कर्ष येथे देतो. २०१३ साली अ‍ॅमोरी मिकामी यांनी उन्हाळी वर्गांत एक पाहणी केली. ज्या वर्गांतील शिक्षकांनी एडीएचडी असलेल्या मुलांचे गुण सर्वांदेखत दाखवून दिले आणि चुका खाजगीत सांगितल्या, तेथे त्या मुलांचे मित्र वाढले आणि निरोपाच्या आठवणवहीत त्यांच्यासाठी इतरांनी अधिक आपुलकीने लिहिले. शिक्षक ज्या नजरेने मुलाकडे पाहतात, त्याच नजरेने वर्ग पाहू लागतो.

करून पहा

एक आठवडाभर वहीत अशी वाक्ये टिपून ठेवा, ज्यांचा शब्दशः अर्थ एक आणि खरा अर्थ दुसराच. "डोके खाऊ नकोस" पासून सुरुवात करा. आठवड्याच्या शेवटी मोजा. मग विचार करा, की ही सारी वाक्ये तुम्हांला कोणीही न शिकवता कशी कळली, आणि ज्याला ती कळत नाहीत त्याच्याशी तुम्ही उद्या कसे बोलाल. नंतर मधल्या सुट्टीत वर्गात एकदा सभोवार नजर टाका. डबा घेऊन एकटे कोण बसले आहे?